‘येतो’ म्हणायचं नाही

७ जून

मामा,

नमस्कार मामीला. तुला फक्त तक्रार.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतोस. मागच्या वेळी मी ओरडून ओरडून “नोकरी लागली” म्हटलं, तर तू मामीला सांगितलंस की भिंगरीला ठेच लागली. तिने हळद लाव म्हणून निरोप पाठवला. म्हणून आता पत्र.

तर नोकरी अशी. चांगली वागणूक बघून ज्यांना शिक्षा संपायच्या आधी पॅरोलवर सोडलंय, त्यांनी दर सोमवारी माझ्यापुढे येऊन बसायचं. राहता कुठे, काम काय, संगत कुणाची, हे मी विचारायचं. काही वावगं दिसलं की अहवाल पाठवायचा, आणि माणूस परत आत. माझ्या एका सहीवर, मामा! घरी आई दूध तापवायचं कामसुद्धा माझ्या एकटीवर सोपवत नाही.

खोली म्हणशील तर एक टेबल, माझी चाकांची खुर्ची, आणि समोर जमिनीला स्क्रूने आवळलेली लोखंडी खुर्ची. दाराला स्प्रिंग आहे. ते दर वेळी धाडकन बंद होतं आणि दर वेळी मी दचकते.

माझ्याकडच्या माणसांत एक रंगारी आहे. चाळिशीचा, उंच, नखांत कायम पांढरा रंग. घरफोडीत तिसऱ्यांदा सापडला होता. बाकीचे निदान रडगाणं तरी गातात, हा तोंडाला कुलूप लावून बसतो. वर दर वेळी उशीर. शिपाई सांगतो, “मॅडम, तो कधीचा बाहेर उभा आहे.” म्हणजे मुद्दाम! दुसरं कुणी आत येतं तेव्हा हा त्याच्या मागोमाग शिरतो, विचारलेल्याला एका शब्दात उत्तर देतो, उठतो आणि म्हणतो, “जातो.”

‘जातो’! आपल्याकडे कुणी निघताना असं म्हटलं तर आई त्याला परत बसवते आणि ‘येतो’ म्हणवून घेतल्याशिवाय सोडत नाही. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “जातो काय? येतो म्हणावं माणसाने.” मामा, तो माणूस पांढराफटक पडला. खुर्चीची पाठ घट्ट धरून उभा राहिला. पुढच्या सोमवारी तर तो एक शब्दही बोलला नाही.

आमचे साहेब म्हणतात, माजलाय, एक अहवाल ठोका, सरळ होईल. तुझा सगळा जन्म असल्या लोकांत गेला. तू सांग, ठोकू?

तुझी
भिंगरी


१५ जून

भिंगरी,

आशीर्वाद, आणि डोक्यात एक टपली. अजिबात ठोकू नकोस!

अगं बाई, त्या माणसाला तू काय बोललीस ते तुला कळलं तरी का? मी तुरुंगाच्या फाटकावर पहारेकरी असताना सुटलेला माणूस मोठ्या फाटकातल्या छोट्या दारातून वाकून बाहेर पडायचा. निघताना सवयीने तोंडातून जायचंच, “येतो साहेब.” की मी दंड धरून परत आत घ्यायचो. “काय म्हणालास? येतो? परत येतोस? जातो म्हण!” तो हसत नाहीतर रडत ‘जातो’ म्हणायचा, मग सोडायचो. पुढे पुढे तर आतलेच एकमेकांना आदल्या दिवशी पढवायचे, की ‘येतो’ म्हणायचं नाही. एक शहाणा हट्टाने ‘येतो’ म्हणून गेला आणि पुढच्याच उन्हाळ्यात आला बरं का. मामी म्हणते योगायोग. असेल. पण त्यानंतर मी कुणाला सूट दिली नाही.

तेव्हा तुझा रंगारी उद्धट नाही. मला परत आत जायचं नाही, एवढंच तो तुला दर सोमवारी सांगत होता. आणि तू सरकारी खुर्चीत बसून, हातात त्याची फाईल धरून, त्याला ‘येतो’ म्हणायला सांगितलंस. पांढरा पडेल नाहीतर काय नाचेल?

उशिराचं मात्र वेगळं. तो माजच. तिथे कान पिळ.

मामी विचारते, ठेच बरी झाली का. मी तिला अजून खरं सांगितलेलं नाही.

मामा


२० जुलै

मामा,

तुझं पत्र वाचून मी कपाळावर हात मारून घेतला. जरा जोरातच लागला.

आम्हाला प्रशिक्षणात सारखं सांगायचे, समोरच्याच्या जागी बसून बघा. मी ते वहीत लिहून घेतलं होतं, वर त्याखाली रेघ मारली होती. त्या दिवशी म्हटलं, खरंच बसून बघू. टेबलाला वळसा घालून त्या लोखंडी खुर्चीत जाऊन बसले. मामा, तिथून खिडकी दिसतच नाही. फाईल डोळ्यांच्या पातळीवर येते आणि आहे त्याहून जाड दिसते. दार बरोबर पाठीमागे, त्यामुळे ते वाजलं की आपल्यावरच काहीतरी येऊन आदळणार असं वाटतं. मी पाच मिनिटंही धड बसू शकले नाही. तेवढ्यात शिपाई आत आला, मला तिथे बघून म्हणाला, “मॅडम, तुम्हाला कशात पकडलं?”

त्याच्याकडूनच मी खुर्चीचे स्क्रू काढून घेतले आणि ती खिडकीशी ठेवली. साहेबांच्या भुवया केसांपर्यंत चढल्या. “दया दाखवायची असेल तर दवाखाना उघडा,” म्हणाले. मी म्हटलं, “दया नाही सर, उजेड.”

सोमवारी रंगारी आला. उशिराच, पण मी कान पिळला नाही. म्हटलं, “माझं चुकलं. फाटकावरची रीत मला माहीत नव्हती. तुम्ही खुशाल ‘जातो’ म्हणा.” तो हसला. दात इतके शुभ्र आहेत त्याचे! हसणारा माणूस तोच होता यावर माझा विश्वास बसेना.

मग हळूहळू बोलला. तो त्याच्या ताईकडे राहतो. रोज कामाला निघताना तिलाही ‘जातो’ म्हणतो. ती बिचारी डोळे पुसते, आणि भाऊजी म्हणतात, राहायचं नसेल तर सरळ सांग, असं टोचून बोलू नकोस. मी विचारलं, “मग तुम्ही त्यांना कारण का नाही सांगितलं?” तर म्हणाला, “कुणी विचारलं नाही, मॅडम.”

मी पुढे एक प्रश्न विचारला जो आमच्या छापील प्रश्नांत नाही. परत चोरी करावीशी कधी वाटते? मला वाटलं, आता उठून जाईल. पण त्याने खूप विचार केला. म्हणाला, “दिवसभर लोकांच्या भिंती रंगवतो. संध्याकाळी घरातली माणसं कामावरून येतात, दिवे लावतात, नव्या रंगाकडे बघून खूश होतात. तेवढ्यात ठेकेदार म्हणतो, चला, आटपा. तेव्हा वाटतं. वस्तू नको असते. त्यांच्यातलं काहीतरी आपल्याजवळ असावं असं वाटतं.”

नुसती ऐकत राहिले आणि थक्क होत राहिले. इतका खरा माणूस मी आजवर जवळून बघितला नव्हता, मामा. आणि मी याला दोन महिने ‘उद्धट’ म्हणत होते!

आता दर सोमवारी असंच बोलतो आम्ही. निघताना मी त्याला दारापर्यंत सोडायला जाते, आईची सवय. तो ‘जातो’ म्हणतो, मी ‘बरं’ म्हणते.

हो, आणि तो तुझ्याच फाटकातून सुटलाय.

भिंगरी


२ ऑगस्ट

भिंगरी,

माझ्या फाटकातून? असेल. फाटकात माणसं वाकून जातात, मला टाळू दिसायची, तोंड नाही.

पत्र मामीला वाचून दाखवलं. ती डोळ्याला पदर लावून बसली आहे. मी तसा लावणार नाही. पोरी, गोड बोलणारे मी पोत्याने पाहिलेत. ऐकून घे, पण भाळू नकोस. तुझी सही तुझ्याजवळ ठेव.

मामा


१४ सप्टेंबर

मामा,

रंगाऱ्याला परत आत पाठवायची वेळ आली आहे. आधी सगळं वाच, मग “मी म्हटलं नव्हतं का” म्हण.

मागच्या आठवड्यात ठेकेदाराने त्याला पहिल्यांदा एकट्याला एका घरी पाठवलं. घरातली बाई आत वाट बघत होती. हा गेला आणि बादली घेऊन बंद दारासमोर उभा राहिला. उभाच राहिला. बेल नाही, हाक नाही. मग घराला एक चक्कर मारली, खिडक्यांकडे बघितलं, पुन्हा दारासमोर. शेजाऱ्यांनी ते पाहिलं, मग पोलीस आले आणि त्याचं जुनं प्रकरण निघालं. ‘संशयास्पद हालचाल.’ साहेबांनी अहवाल लिहूनच माझ्यापुढे ठेवला. “करा सही. खिडकीतला उजेड फार झाला.”

मी त्याला बोलावलं. विचारलं, का उभे होतात? गप्प. बेल का नाही वाजवली? गप्प. पहिल्या दिवसासारखं तोंडाला कुलूप. मला इतका राग आला, मामा, की रडूच फुटणार होतं. मी म्हटलं, “ठीक आहे, जा तुम्ही.” तो उठला. तेवढ्यात माझा फोन वाजला, म्हणून मी त्याला सोडायला उठले नाही. बोलून झालं, मान वर केली, तर तो अजून खोलीतच. बंद दाराकडे तोंड करून, हात बाजूला सोडून, शांत उभा.

मी म्हटलं, “काय झालं?”

तो म्हणाला, “काही नाही मॅडम. दार उघडायची वाट बघतोय.”

मला एकदम सगळं दिसलं. त्याला उशीर कधी झालाच नव्हता. दर सोमवारी तो वेळेवर येऊन त्या स्प्रिंगच्या दाराबाहेर उभा राहायचा, कुणीतरी उघडेपर्यंत. आणि जाताना मी उघडायचे, म्हणून मला कधी कळलंच नाही.

मग तो बोलला. आत दाराला हात लावायचाच नसतो. कोठडीचं दार, जेवणघराचं, कारखान्याचं, सगळी दारं दुसरं कुणीतरी उघडणार. हात पुढे गेला की फाटकावरून एक आवाज यायचा, “दारापासून मागे!” इतकी वर्षं ऐकला की आता दारासमोर गेलं की तोच ऐकू येतो, म्हणाला. हात उठतच नाही. “आणि आत जायच्या आधी तरी मी कुठे दाराने जायचो, मॅडम? खिडकीनेच जायचो.” त्या दिवशी खिडक्यांकडे बघत होता तो आत कुणी दिसतं का ते बघायला, म्हणजे त्या बाईला खूण करता आली असती. इतकं झालं तरी त्याने हे पोलिसांना सांगितलं नाही. मोठ्या माणसाने असं काय सांगायचं, म्हणाला.

मी विचारलं, “साहेबांना सांगू?” म्हणाला, “तुम्ही सांगा. मला जमणार नाही.”

साहेब आले. ऐकलं. म्हणाले, “नाटकं.” मग त्याला म्हणाले, “तुला कुणी अडवलेलं नाही. उघड दार आणि घरी जा.” रंगाऱ्याने हात उचलला. तो हात मुठीच्या दिशेने निघाला आणि वीतभर अलीकडे थांबला. कपाळावरून घाम ओघळत होता, मामा, आणि त्या दाराला साधी कडीसुद्धा नव्हती! घराघरांत शिरलेला माणूस, आणि त्याला माझ्या ऑफिसातून बाहेर पडता येत नव्हतं. हात खाली आला. “साहेब, येत नाही,” म्हणाला.

साहेब त्या लोखंडी खुर्चीत बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “अहवाल थांबवतो. थांबवतो म्हटलंय, फाडत नाही.” त्यांनाही वर उत्तर द्यायचंय. नोव्हेंबर उजाडायच्या आत रंगाऱ्याने एक अख्खं घर एकट्याने रंगवून दाखवायचं, आणि घरमालकाची तक्रार येता कामा नये. नाहीतर अहवाल जाणार आणि तोही जाणार.

पण आता इथे त्याला घर कोण देईल? ठेकेदाराने हात वर केलेत. दर सोमवारी मी त्याच्याबरोबर दारासमोर उभी राहते. मागच्या वेळी त्याची बोटं मुठीला लागली. बोटंच फक्त. आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो.

भिंगरी


६ ऑक्टोबर

भिंगरी,

तुला वाटलं असेल मामा रुसला. रुसलो नव्हतो.

“दारापासून मागे” हा आवाज माझा.

फाटकावर तसं ओरडणारा मी एकटाच होतो. तेव्हा माझा घसा असा होता की तीन नंबरच्या बराकीत झोपलेला माणूस उठून बसायचा. मी चुकलो असं काही मला वाटत नाही. दार म्हटलं की अंतर हवंच, नाहीतर फाटक कशाला म्हणायचं? पण तुझं पत्र आल्यापासून घरातल्या प्रत्येक दाराशी मी थांबतो आहे. मोरीचं दार, कपाटाचं दार. हात पुढे करतो आणि बघतो, उघडतं. केवढी गोष्ट आहे गं ही! मी रोज शेकडो वेळा दार उघडायचो आणि मला वाटायचं मी फक्त दार उघडतोय. मला ऐकू येईनासं झालं, आणि माझा आवाज तिकडे एका माणसाच्या कानात अजून शाबूत आहे. मी चकित होऊन बसलो आहे.

आमचं घर रंगवायचं आहे. दोनच खोल्या आहेत, पण घर ते घर. पाठव त्याला.

मला फिका पिवळा हवा आहे, फाटकावरच्या भिंतींसारखा. मामी म्हणते घरात तुरुंग नको, निळा. निळाच येईल बहुतेक.

मामा


१९ ऑक्टोबर

मामा,

साहेबांनी परवानगी दिली. गावाबाहेर जायला माझी हमी लागते, ती मी सही करून दिली. तू म्हणाला होतास सही जवळ ठेव. नाही ठेवली.

त्याला सांगितलं की ते घर फाटकावरच्या साहेबांचं आहे. तो नखांतला रंग कोरायला लागला. म्हणाला, “त्यांच्या दाराला हात लावायचा?” मी म्हटलं, नको असेल तर नका जाऊ. म्हणाला, “नाही. लावायचा तर तिथेच लावतो.”

सोमवारी सकाळच्या बसने येईल. त्या दिवशी कडी लावू नकोस, दार नुसतं लोटून ठेव. आणि काहीही झालं तरी तू उठून उघडू नकोस. मामीलाही बजाव, तिचा जीव लगेच कळवळतो. तो नाही पोचला, कुठे भलतीकडे गेला, तर मला अहवाल द्यावाच लागेल. मग मला काही करता येणार नाही.

तो सुखरूप यावा एवढंच मनात आहे.

भिंगरी


२६ ऑक्टोबर

भिंगरी,

तो आला नाही.

मामीला मुद्दाम बाजारात पाठवलं. दार लोटलेलं आहे. बस येऊन गेली असणार, मी खिडकीतून माणसं जाताना पाहिली. मग टेबलाशी येऊन बसलो आणि वाट बघत राहिलो. दोनदा उठलो, दोनदा तुझं ऐकून परत बसलो. चहा गार झाला. मला वाईट वाटतंय, पोरी, तुझ्यासाठी आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीसुद्धा. मला त्याचं तोंड बघायचं होतं. तू मनाला लावून घेऊ नकोस. अशी माणसं कधी कधी अगदी शेवटच्या


पुढचं ३१ तारखेला लिहितोय. वरचं खोडत नाही, राहू दे.

तो पोचल्याचं मामीने तुला फोनवर सांगितलंच. पण ती तेव्हा बाजारात होती, तिला काय माहीत! वर ‘शेवटच्या’ लिहिलं आणि कागदावर सावली पडली. मान वर केली तर समोर उंचच्या उंच माणूस, हातात बादली, घामाने डबडबलेला. म्हणाला, आणि चांगला ओरडून म्हणाला, कारण पहिल्यांदा मला ऐकू आलं नाही, “साहेब, मी कधीपासून वाजवतोय! तुम्ही ओच देईनात. मग ढकललं.”

भिंगरी, तो वाजवत होता आणि मी आत बसून तुला लिहीत होतो की तो आला नाही. मी सगळा बंदोबस्त केला होता. कडी काढली, मामीला बाहेर काढलं, स्वतःला खुर्चीत बसवलं. फक्त माझे कान विसरलो. ऐकू येत असतं तर मी नक्की “ये” म्हटलं असतं, आणि मग ते दार माझ्याच हुकमाने उघडलं असतं. मला ऐकू आलं नाही म्हणून ते त्याने उघडलं. मी बहिरा झालो याचा मला आजवर कधी आनंद झाला नव्हता.

मी उभा राहिलो. म्हटलं, “निळा. मामीला निळा हवाय.”

पाच दिवस तो इथे होता. हात काय आहे त्याचा! छताच्या कडेला रेघ मारतो तशी फूटपट्टीनेसुद्धा मला मारता येणार नाही. संध्याकाळी दिवे लागले की सामान आवरायला लागायचा. मामीने पहिल्याच दिवशी ब्रश हातातून काढून घेतला आणि म्हणाली, “आधी बस. बघूया कसा दिसतोय.” तिघं रोज भिंतीकडे बघत बसायचो. तो फार बोलत नाही. मीही नाही. फाटकाचं काही निघालं नाही.

आज सकाळी काम पुरं झालं. बादली उचलली, मामीच्या पाया पडला, दाराशी गेला. वळून काहीतरी पुटपुटला.

मला ऐकू आलं नाही. मी कानाला हात लावून विचारलं, “काय म्हणालास?”

विचारल्यावर माझ्या लक्षात आलं की फाटकावर मी नेमकं हेच विचारायचो, याच शब्दांत, याच आवाजात. त्याचा चेहरा पांढरा पडला. बादली हलली. मामीने माझ्याकडे असं पाहिलं की मी मेलोच. मला सांगायचं होतं, अरे बाबा, तसं नाही, मला खरंच ऐकू आलं नाही. पण त्याने मला वेळच दिला नाही.

मग त्याने मान वर केली आणि सगळ्या जिन्यात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “येतो, साहेब!”

मी म्हटलं, “ये.” मग पुन्हा म्हटलं, कारण एकदा म्हणून पुरेना. “ये रे. कधीही ये.”

त्याने दार स्वतः उघडलं, आणि बाहेर गेल्यावर आपल्या हाताने ओढून घेतलं. जाताना वाकला नाही.

तुझ्या साहेबांना कळव, घरमालकाची तक्रार नाही.

मामा